वीस मिनिटांचा उजेड

१

शिकारीला निघताना एंगेलबर्ट श्टाइनवेंडरच्या कामांचा क्रम चाळीस वर्षांत बदलला नव्हता. आधी लोकरीचे पायमोजे, मग बूट. थर्मासमध्ये रानगुलाबाच्या फळांचा चहा. खिशात कागदात गुंडाळलेली खसखशीची पोळी. मोबाईल घरीच, कारण मचाणावर पडद्याचा उजेड लागला की रानडुकरं आठवडाभर फिरकत नाहीत. शेवटी अंगणात काडी ओढायची, धूर कुठे जातो ते पाहायचं आणि निघायचं.

बदल झाला होता तो माणसात. डावा खुबा निकामी झाल्यापासून तो लंगडत होता आणि गाडी मुलगी चालवत होती. त्याहून वाईट म्हणजे गेल्या हिवाळ्यापासून तिन्हीसांजेला त्याचे डोळे दगा देऊ लागले होते. दगडाला तो डुक्कर समजे आणि डुकराला दगड, आणि बोहेमियाच्या सरहद्दीवरच्या त्या मुलखात दगडांना काही तोटा नव्हता.

शिकाऱ्याला हे परवडत नाही. एंगेलबर्टला ज्या म्हाताऱ्या वनरक्षकाने शिकवलं, त्याने पहिला धडा हाच दिला होता. बंदुकीच्या घोड्याला बोट लावण्याआधी समोरच्या जनावराची ओळख ओठांतल्या ओठांत म्हणायची. काय आहे, नर की मादी, वय आणि तब्येत कशी. तिन्ही सांगता आलं तर बोट आत, एक जरी अडलं तरी बोट बाहेर. तिकडचे सगळेच हे पाळतात, पण एंगेलबर्ट ते खरोखर पुटपुटत असे, देवळात म्हणतात तसं, एका चालीत.

"हा एक हंगाम," मुलगी म्हणाली होती. तिचं नाव बुर्गी. ती कार्प माशांच्या तळ्यांवर कामाला होती आणि ऑक्टोबरात तळी उपसायच्या दिवसांत तिच्या अंगाला गाळाचा वास येई. "दिसत नसेल तर मला सांगायचं, पपा. लपवायचं नाही. सांगितलंत तर भांडणार नाही, लपवलंत तर रायफल कपाटात आणि किल्ली माझ्याकडे."

"कपाटाची किल्ली कुठे असते ते तुला ठाऊक तरी आहे का?"

"आईच्या शिवणाच्या डब्यात. चाळीस वर्षं तिथेच आहे."

एंगेलबर्टला मरणाची फारशी भीती नव्हती. भीती होती ती खिडकीजवळच्या आरामखुर्चीची, जिच्यात शेजारचा ग्रेगोर बसला तो पुन्हा उठला नाही. म्हणून तो लोटारच्या बंदुकांच्या दुकानात गेला.

२

"एंगेल, तुला दुर्बीण नको, कुत्रा पाहिजे," लोटार म्हणाला. "आंधळ्यांना देतात तसला."

"तुझ्या दुकानात गिऱ्हाईक का टिकत नाही ते कळलं मला."

लोटारने हसत हसत रायफलीवर बसवायच्या तीन दुर्बिणी काउंटरवर मांडल्या. तिन्हींत फुलीच्या मधोमध पेटणारा लाल ठिपका होता. संध्याकाळी काळ्या जनावरावर काळ्या रेघा दिसत नाहीत, ठिपका दिसतो. लोटारने तो हळूहळू मंद करून दाखवला. "असा पाहिजे, आहे की नाही कळू नये इतका. भडक ठिपका लावलास तर डोळा दिपतो आणि बाकी सगळा अंधार. आणि काच मोठी घे, छप्पन्न मिलिमीटरची. साध्या डोळ्याला दिसेनासं झाल्यावरही वीस मिनिटं मिळतील तुला."

"वीस?"

"वीस. आणखी एक बघायचं. हलक्या मालात हा उजेड पुढून गळतो. समोर कोणी असेल तर त्याला तुझ्या दुर्बिणीच्या नळीत लाल दिसतं. नळी थेट त्याच्यावर असली तर, हं. जरा बाजूला वळली की विझलं."

"डुकरांना लाल कळत नाही."

"डुकरांना नाही कळत. समोरच्या मचाणावरच्या माणसाला कळतं ना."

समोरच्या मचाणाचा प्रश्नच नव्हता. कुरणापलीकडचं, पाइनच्या कडेचं मचाण कुजलं होतं. वसंतात बुर्गीने आणि एंगेलबर्टने मिळून त्याचे चारही खांब करवतीने कापले आणि लाकूड शेगडीत जाळूनही झालं. लोटारने पहिली, स्वस्तातली दुर्बीण त्याच्या रायफलीवर बसवली. "गोळी नाही घालायची. दुर्बिणीचा निशाणा जुळवलेला नाही अजून. नुसतं बघ आणि सांग."

त्या संध्याकाळी बुर्गीने त्याला लहान पुलाशी सोडलं. तिथून मचाण तीनशे पावलं. रोजचा नेम ठरलेला होता. ती उजेड संपायच्या सुमाराला परत येई, गाडीतच बसे, आणि त्याने बॅटरी तीनदा लुकलुकवल्याखेरीज पाय खाली ठेवत नसे.

कुरणावर तळ्याकडून धुकं सरपटत आलं. मक्याच्या कापलेल्या खुंटांत दोन हरणं चरत होती. एंगेलबर्टने नळीला डोळा लावला आणि त्याला हसू फुटलं. साध्या डोळ्याला राखेसारखं दिसणारं सगळं त्या काचेत पुन्हा उभं राहिलं होतं. हरणाचे कान, खुंटावरचं दव. लाल ठिपका हरणाच्या खांद्यावर टेकवून तो चालीत पुटपुटला, "हरीण. मादी. तीन वर्षांची, धडधाकट."

मग त्याने नळी पाइनच्या कडेवरून फिरवली. तिथे दुसरा लाल ठिपका होता.

लहान होता. जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर, जिथे आता नुसती हवा होती. एंगेलबर्ट घाबरला नाही. लोटारचा माल हलका, काचेत आपलाच उजेड उलटा दिसतोय, असं त्याने मनाशी म्हटलं. आपला ठिपका बंद केला, आणि दुसराही गेल्यासारखा वाटला. झालं तर मग. त्याने खसखशीची पोळी खाल्ली आणि बॅटरी लुकलुकवली.

३

लोटारने दुकानामागच्या काळोख्या खोलीत ती दुर्बीण दहा मिनिटं तपासली. "एकच ठिपका आहे. सकाळी प्लमची दारू घेतली होतीस का?"

"तुझ्या मालाला नावं ठेवली की गिऱ्हाईक दारुडं!"

"बरं, ही ने. ही चांगली आहे."

दुसरी खरोखर चांगली होती. तिच्यातून पलीकडचा ठिपका अधिक रेखीव दिसला.

या वेळी एंगेलबर्टने घाई केली नाही. आपला उजेड बंद केला. पलीकडचा राहिला. नळी हळूच डावीकडे नेली. काचेतलं प्रतिबिंब असतं तर ते काचेबरोबर सरकलं असतं. हा ठिपका त्याच पाइनच्या त्याच फांदीखाली स्थिर राहिला, आणि फांदी वाऱ्याने हलली तेव्हा क्षणभर तिच्याआड गेला. म्हणजे तो काचेत नव्हता, तिकडे होता.

त्याने रायफल खाली ठेवून साध्या डोळ्याने पाहिलं. राखाडी अंधार, बाकी काही नाही. माणसाचं डोकं अशा वेळी वकिलासारखं चालतं. वनखात्याने झाडाला चमकणारी पट्टी ठोकली असेल. सरहद्दीपलीकडच्या बोहेमियातल्या एखाद्या खांबावरचा दिवा असेल. असेना का, आपल्याला काय. तरीही बॅटरी लुकलुकवताना त्याने हात कठड्याआड धरला, म्हणजे उजेड फक्त पुलाकडे जाईल.

दुसऱ्या दिवशी लख्ख सकाळी तो काठी टेकत तिथवर गेला. चार कापलेले बुंधे, त्यांवर पिवळट अळंबी. पट्टी नाही, खिळा नाही, माणसाचं पाऊल नाही. बुंध्यांच्या मधोमध उभं राहून त्याने वर पाहिलं. वर आभाळ होतं. मग वळून त्याने आपल्या मचाणाकडे पाहिलं. इथून त्याची खिडकी किती स्वच्छ दिसत होती! कठडा, बाकाची कड, त्याने टांगून ठेवलेली गोणपाटाची घडी. चाळीस वर्षं त्याला वाटत आलं होतं की आपण तिथे लपलेले असतो.

४

तो बुर्गीला न सांगता, दूधवाल्याच्या गाडीतून, डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि मोठ्याने बोलत होत्या, जणू त्याचे कानही गेले आहेत.

"वयाच्या मानाने ठीक आहेत की! मोतीबिंदू सुरू होतोय. पण लाल ठिपका वगैरे दिसावा असं काही नाही आत. आणखी एक तपासणी करू. वेळ कळवतो आम्ही. फोन नंबर द्या बाहेर."

त्याने सवयीने घरचा नंबर दिला. मोबाईलचा नंबर त्याला पाठच नव्हता.

डोळ्यांत काही नाही हे ऐकून माणसाला आनंद व्हायला हवा. एंगेलबर्ट परतताना दुधाच्या कॅनांमध्ये बसून होता. डोळ्यांत काही असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत होतं.

लोटारकडे तो थेट तिसऱ्या दुर्बिणीपाशी जाऊन उभा राहिला. लोटारने या वेळी थट्टा केली नाही. दोघांनी खाणीतल्या मैदानावर जाऊन निशाणा जुळवला. तीन गोळ्या, तिन्ही एका नाण्याएवढ्या जागेत.

"यातून दिसलं नाही," लोटार म्हणाला, "तर समज, ते नाहीच."

"आणि दिसलं तर?"

लोटारने त्याच्याकडे नीट पाहिलं. "एंगेल, काय बघतोयस तू तिकडे?"

"डुकरं," एंगेलबर्ट म्हणाला.

त्या संध्याकाळी वारा नव्हता. गारठलेल्या, थिजलेल्या हवेत आवाज फार लांब जातो, हे प्रत्येक शिकाऱ्याला माहीत असतं. तळ्यावर बदक पंख झटकत होतं ते त्याला कानाशी असल्यासारखं ऐकू आलं. तिसऱ्या दुर्बिणीतून ठिपका दिसला, आणि आता ठिपक्याभोवती अंधार थोडा दाटही दिसला. तेवढाच. त्या दाटपणाला कड सापडेना.

एंगेलबर्टने गोळी भरली. लाल ठिपका लाल ठिपक्यावर ठेवला. ओठ हलवले. "काय आहे" पाशीच जीभ अडली. शब्दच येईना. बोट बाहेर राहिलं.

तेव्हा त्याला ती चाल ऐकू आली.

आधी नुसती चाल होती. कुरणापलीकडून, हलक्या आवाजात, तीन तुकड्यांत. प्रार्थनेचे शब्द ऐकू आले नाहीत तरी कुठली प्रार्थना चालली आहे ते कळतं, तसं त्याला कळलं. कोणीतरी ओळख म्हणत होतं. मधलाच एक शब्द त्याच्यापर्यंत धड पोहोचला, "नर." मग थांबणं. मग काहीतरी आणि "म्हातारा." मग पुन्हा थांबणं, आणि पुन्हा पहिल्यापासून, कारण तिसरी गोष्ट अजून नीट पटत नव्हती.

तो बाकावर गोठून बसला. हलला असता तर लंगडा पाय दिसला असता आणि ओळख पुरी झाली असती.

काळाकुट्ट अंधार झाल्यावर, फार उशिरा, तो शिडी उतरला. बुर्गी पुलाशी संतापून बसली होती.

"पाऊण तास, पपा! मी वनरक्षकाला फोन लावणार होते."

"कळप होता खाली. उतरता येईना."

"मग गोळी का नाही घातली?"

"ओळख पटली नाही," तो म्हणाला, आणि त्याचे दात वाजू लागले. तिने गाडीतली ऊब वाढवली आणि आपला मफलर त्याच्या गळ्यात घातला. त्याला गाळाचा वास आला आणि रडू आलं, पण अंधारात ते खपून गेलं.

सांगावं की काय, असं त्या रात्री त्याच्या कितीदा मनात आलं. सांगितलं तर डोळे गेले म्हणतील. डोळे ठीक आहेत म्हटलं तर डोकं गेलं म्हणतील. कुठूनही गेलं तरी वाट आरामखुर्चीपाशीच जात होती. त्याने स्वतःशी ठरवलं, एकदाच. उद्या एकदाच जायचं, ते काय आहे ते ओळखायचं, उतरताना न लंगडता सावकाश उतरायचं, आणि नंतर रायफल आपणहून बुर्गीला द्यायची. माणूस स्वतःला फसवतो तेव्हा नेहमी एकदाच म्हणतो.

५

दुसऱ्या दिवशी बुर्गीने त्याला पुलाशी सोडलं तेव्हा सूर्य अजून पाइनच्या शेंड्यांवर होता.

"आज उशिरा ये," तो म्हणाला. "पूर्ण अंधार पडल्यावरच ये. आणि बॅटरी दिसल्याशिवाय उतरू नकोस."

"माहीत आहे हो मला. लहानपणापासून ऐकतेय."

तो गेला. शिडी चढताना डावा पाय दोनदा अडखळला. बसला, थर्मास ठेवला, रायफल कठड्यावर टेकवली. आज नळीला डोळा लावायची गरज पडली नाही. समोर, उघड्या उजेडात, दोन पुरुष उंचीवर, लाल ठिपका त्याची वाट पाहत होता.

आवाजही आज स्वच्छ होता. घाई नव्हती त्यात, रागही नव्हता. एंगेलबर्ट स्वतः जसा म्हणे, तसा तो एक एक तुकडा खाली ठेवत होता.

"माणूस. नर. म्हातारा, डाव्या पायाने अधू."

तिन्ही झाल्या. एंगेलबर्टने डोळे मिटले. यानंतर काय होतं ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? श्वास अर्धा सोडायचा, बोट आत घ्यायचं. त्याने स्वतःचे ठोके मोजले. तीस झाले. साठ झाले. काही झालं नाही.

त्याऐवजी गाडीचा आवाज आला.

ही येण्याची वेळ नव्हती. त्याने मान वळवली. बुर्गीची गाडी वळणावरून भरधाव येत होती, धूळ उडवत, आणि तिच्या चालवण्यावरून त्याला सगळं कळलं. दवाखान्यातून घरी फोन आला होता. लाल ठिपक्याची तपासणी, अमुक वारी, अमुक वाजता. त्याने लपवलं हे तिला कळलं होतं आणि ती भांडायला येत होती. या अवस्थेत ती बॅटरीची वाट बघणार नव्हती.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा एंगेलबर्टने भरलेली रायफल मचाणावर तशीच सोडली. शिडीवरून तो जवळजवळ घसरतच खाली आला. त्याचा विचार साधा होता. शिकारीचा कायदा त्याला पाठ होता आणि पलीकडच्यालाही पाठ असणार, नाहीतर इतक्या शिस्तीत ओळख कोण म्हणतं? म्हातारं, अधू जनावर आधी टिपायचं. तेच तर योग्य असतं. मग टिपू दे. ती पोहोचायच्या आत टिपू दे. एकदा गोळी सुटली की जनावरं पांगतात, तीही पळेल.

तो कुरणाच्या मधोमध गेला. लंगडायचं तेवढं लंगडला, त्याहून जरा जास्तच. मग थांबला आणि आडवा उभा राहिला, खांदा ठिपक्याकडे करून, कारण शिकारी नेहमी जनावर आडवं होण्याची वाट पाहतो.

"बुर्गी!" तो पुलाकडे तोंड करून ओरडला. "गाडीतच बस! उतरू नकोस!"

गाडी थांबली होती. तिच्या काचा बंद होत्या.

त्याने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाइनकडे पाहिलं. ठिपका लालभडक होता, थेट त्याच्यावर. बरं झालं, त्याला वाटलं. खरोखर बरं वाटलं.

मग ठिपका विझला.

एंगेलबर्टच्या छातीतून मोठा श्वास सुटला. गेलं. जे काही होतं ते गेलं. तो खालीच बसणार होता. आणि मग त्याला लोटारचा काउंटर आठवला, मोठी काच आठवली, आणि नळी थेट आपल्यावर नसली की पुढचा उजेड दिसत नाही हेही आठवलं.

ठिपका विझला नव्हता. वळला होता.

त्याला ओळखून झालं होतं आणि सोडून दिलं होतं. त्याने स्वतः कितीतरी म्हाताऱ्या नरांना असंच सोडलं होतं. पूर्ण ओळख म्हणून, बोट बाहेर काढून, जाऊ दे, हा काही हिवाळा काढत नाही, असं मनाशी म्हणून. कायदा काहीही सांगो, माणूस नेम धरतो तो वेगळ्यावरच, धडधाकटावर.

गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. एंगेलबर्ट पुलाकडे धावू लागला. खुबा धावू देईना. तो पडला, उठला, पुन्हा ओरडला, पण घशातून फक्त हवा आली. तीनशे पावलांतली दोनशे तरी अजून उरली होती. पाठीमागून, गोठलेल्या हवेतून, तो शांत आवाज पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

"माणूस. मादी."

बुर्गीने पुलाच्या कठड्याशी येऊन त्याला पडताना पाहिलं होतं. तिचा राग क्षणात उतरला. "पपा! थांबा, मी येते, हलू नका!" ती म्हणाली, आणि कुरणाच्या मोकळ्या भागातून त्याच्याकडे पळत येऊ लागली.

उजेड अजून भरपूर होता.